टोपण निळ्या बाजूला होतं

बास्केटबॉलच्या सामन्यात लोक बॉलकडे बघतात, आईबाप आपापल्या पोरीकडे बघतात, आणि टेबलावर बसलेल्या माणसांकडे कुणीही बघत नाही. लोकांचं लक्ष आमच्याकडे गेलं की समजायचं, काहीतरी बिघडलंय. मी पाच वर्षं त्या टेबलावर बसले. गुण लिहायचे, फाऊल लिहायचे, टाइम-आउट लिहायचे आणि बाण फिरवायचा, एवढं माझं काम. यातल्या शेवटच्या कामात मी एका मुलीचं वाटोळं केलं. यापेक्षा सौम्य शब्द बरेच दिवस शोधला, सापडला नाही.

बाणाचं आधी सांगते, नाहीतर पुढचं कळणार नाही. दोन संघांच्या दोन मुलींनी एकाच वेळी बॉल घट्ट धरला आणि कुणीच सोडेना, तर पंच शिट्टी मारून दोन्ही अंगठे वर करतात. हा जम्प बॉल. नाव उडीचं असलं तरी आता तिथं कुणी उडी मारत नाही, पाळी लावलेली असते. एकदा यांना बॉल, पुढच्या वेळी त्यांना. पाळी कुणाची हे टेबलावरचा बाण सांगतो. ज्यांची पाळी, ते ज्या बास्केटवर चढाई करत असतील त्या दिशेला बाणाचं टोक. त्यांनी बाहेरून बॉल आत टाकला की बाण उलटा करायचा. पहिला क्वार्टर सोडून बाकीचे तीन क्वार्टर सुरू करतानाचा बॉलही याच पाळीनं मिळतो. मध्यंतरानंतर संघ बास्केट बदलतात, तेव्हाही बाण फिरवायचा. पोरखेळ वाटतो, आणि आहेही. फक्त एक गोष्ट आहे. गुण लिहिले जातात, फाऊल लिहिले जातात, पण बाण कुणाकडे होता हे कागदावर कुठेच लिहिलं जात नाही. सामना संपला की त्याचा मागमूस राहत नाही.

हे काम मला शिकवणारे सर आकुर्डीला माझ्या वडिलांच्याच कारखान्यात टूलरूममध्ये होते, आणि रविवारी मैदानावर पंच. कॉलेजच्या संघात मी तीन वर्षं बाकावर बसून काढली. सर एकदा म्हणाले, "बसायचंच हाय तर टेबलावर बस की, चहा तरी मिळंल." तशी मी टेबलावर आले. बाण सरांनीच बनवलेला होता. प्लायवूडची एक फळी, मधोमध बोल्ट, त्यावर लाल रंग दिलेला पत्र्याचा बाण. फिरवला की कर्र वाजायचा.

पाळी लक्षात ठेवायची ज्याची त्याची तऱ्हा असते. एक पंच खिशात रुपयाचं नाणं ठेवायचे आणि पाळी बदलली की ते या खिशातून त्या खिशात टाकायचे. एक पंचबाई कोथिंबिरीच्या जुडीचं रबर मनगटात घालायच्या, कधी डाव्या, कधी उजव्या. सरांना हे पसंत नव्हतं. "डावं-उजवं बसणाऱ्याचं असतंय," ते म्हणायचे, "पाळी संघाची असती. फळीवरचा बाण लोकांसाठी. तुझा तू कागदावर ठेव." मग त्यांनी दाखवलं. स्कोअरशीटवर एका संघाची यादी वर असते, दुसऱ्याची खाली. पेनचं टोपण काढायचं आणि त्याच्या चिमट्यानं ते कागदाच्या कडेला अडकवायचं, ज्यांची पाळी त्यांच्या यादीशेजारी. पाळी बदलली की टोपण वरून खाली किंवा खालून वर. फळी पडो, वारा सुटो, टोपण जागचं हलत नाही.

पाच वर्षांत माझं टोपण एकदाही चुकलं नाही. त्या दिवशीही ते चुकलं नव्हतं.

मुलींची जिल्ह्याची स्पर्धा होती, मार्च महिन्यातला रविवार. सकाळी उपांत्य सामने, संध्याकाळी अंतिम. सिमेंटचं उघडं मैदान, एका बाजूला पत्र्याची शेड, समोर एक तीन मजली इमारत. जो संघ जिंकेल तो राज्य स्पर्धेला जाणार होता. सकाळी निळ्या संघाची कॅप्टन नावं द्यायला टेबलाशी आली. तिचा नंबर सात. किडकिडीत, कोपराला जुनी पट्टी, आणि बोलताना सारखी बोटांची पेरं मोजायची सवय. वडील लातूरकडून आलेले, चिखलीतल्या एका वर्कशॉपमध्ये प्रेस मशीनवर. हे सगळं तिनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

"ताई, यंदाचं माझं शेवटचं," ती म्हणाली. "पुढच्या वर्षी वय बसत न्हाई. राज्याला नंबर आला ना, तर सर्टिफिकेट मिळतं. भरतीत खेळाडूंच्या जागा असतात. पप्पांनी फॉर्म पण आणून ठेवलाय."

"मग जिंका," मी म्हणाले. यादी लिहायची घाई होती आणि मी मुळातच तुसडी.

त्याच सकाळी माझ्याकडून एक घोटाळा झाला. बॉल खेळात असताना टेबलानं हॉर्न वाजवायचा नसतो. एका संघाला खेळाडू बदलायचा होता आणि मी घाईनं हॉर्न दाबला. नेमकी त्याच वेळी दुसऱ्या संघाची मुलगी एकटी बास्केटकडे निघाली होती. खेळ थांबला आणि तिचे हमखास मिळणारे दोन गुण गेले. शेडमधून कुणीतरी ओरडलं, "झोपलीय का ती बाई?" सर टेबलापाशी आले आणि सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "हॉर्न म्हंजी दाराची बेल न्हाई. परत न विचारता वाजवलास तर उठून घरला जायाचं." माझी कानशिलं तापली. सव्विसाव्या वर्षी चारचौघांत बोलणी खाणं सोपं नसतं. दुपारचा वडापाव मी कोपऱ्यात एकटीनं खाल्ला आणि मनाशी ठरवलं की आज आता हॉर्नला हात लावायचा नाही.

अंतिम सामना निळा विरुद्ध लाल. धसमुसळा खेळ होता, जम्प बॉलवर जम्प बॉल. मी प्रत्येक वेळी बाण फिरवत होते, टोपण सरकवत होते. चौथ्या क्वार्टरमध्ये ऊन शेडच्या पत्र्याखालून थेट डोळ्यांत घुसायला लागलं. आमचं तोंड पश्चिमेला. मुलींच्या पाठीवरचे नंबर दिसेनात. सहा नंबरचा फाऊल मी आठ नंबरच्या नावावर लिहिला आणि लाल संघाच्या कोचनं आरडाओरडा केला. तो दुरुस्त झाला. मग पुढच्या टाइम-आउटमध्ये सरांनी हुकूम दिला की टेबल उचला आणि पलीकडे इमारतीच्या सावलीत न्या.

मिनिटभराचा वेळ. दोघांनी टेबल उचललं. स्कोअरशीट मी छातीशी धरलं, हॉर्नही माझ्याच हातात. फळी टेबलावर होती तशी आली. पलीकडे जाऊन मी मैदानाकडे तोंड करून बसले, म्हणजे आधी जे डावीकडे होतं ते आता उजवीकडे गेलं. टेबलासोबत बाणही उलटा झाला होता. या बाजूला असताना तो निळ्यांची पाळी दाखवत होता, त्या बाजूला गेल्यावर तोच बाण लाल संघाची दाखवू लागला. कुणी हात न लावता तो फिरला होता. मध्यंतराला बाण फिरवायची माझ्या हाताला सवय होती, भर क्वार्टरमध्ये टेबल फिरल्यावर काय करायचं याची कुणालाच नव्हती. उलट सावली मिळाली म्हणून मला बरं वाटलं.

शेवटचे नऊ सेकंद राहिले. निळा संघ एका गुणानं पुढे. निळा संघ ज्या बास्केटचा बचाव करत होता तिच्याखाली झटापट झाली, दोघींनी बॉल धरला, सरांनी अंगठे वर केले. सात नंबरनं पाळी मनात मोजलेली होती. "आपला, आपला," असं मैत्रिणींना ओरडत ती पास घ्यायला पुढे धावली, आणि ज्या मुलीला ती रोखून उभी होती ती मोकळी सुटली. सरांनी टेबलाकडे बघितलं, बाण बघितला आणि हात लाल संघाच्या बाजूनं केला. सात नंबर जागीच थांबली. मग परत फिरत तिनं एक बोट वर केलं, काहीतरी विचारायचं होतं. तोवर सरांनी बॉल लाल संघाच्या मुलीच्या हातात दिला होता.

बाहेरून बॉल आत टाकायला पाच सेकंद असतात. तो आतल्या कुणाला लागेपर्यंत चूक सुधारता येते. एकदा लागला की नाही. हा नियम मला पाठ होता.

मी खाली बघितलं. टोपण वर होतं, निळ्यांच्या यादीशेजारी.

माझा अंगठा हॉर्नवर होता. दुधानं तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. मी फुंकत बसले. सकाळचा आवाज कानात होता, शेडमधली माणसं समोर होती. टेबल हलवताना टोपण सरकलं असेल, असं मी स्वतःला सांगितलं. चिमट्यानं अडकवलेलं टोपण सरकत नाही हे मला पक्कं माहीत होतं. एवढा सगळा विचार पाच सेकंदांत होतो, हे मला त्या दिवशी कळलं. बॉल आत आला, मोकळ्या सुटलेल्या मुलीच्या हातात गेला, तिनं तो बास्केटमध्ये टाकला. उरलेल्या वेळात निळ्यांनी लांबून एक बॉल फेकला, तो रिंगला लागून बाहेर गेला. सामना संपला.

सात नंबर सरळ टेबलाशी आली. घामानं भिजलेली, पण आवाज चढवला नाही. तिनं अंगठा पेरांवर टेकवत मोजलं. "ताई, दुसऱ्या क्वार्टरला त्यांचा. मग जम्प बॉल, आमचा. तिसऱ्या क्वार्टरला त्यांचा. मग दोन जम्प बॉल, आमचा, त्यांचा. चौथ्या क्वार्टरला आमचा. मग एक जम्प बॉल, त्यांचा. म्हणजे आता आमचा व्हता ना?"

बरोबर होतं, पेरापेरावर.

सर मागून आले. त्यांचं वय झालं होतं, दिवसभरात तीन सामने पळाले होते. ते तिला म्हणाले, "पोरी, टेबलाचा शब्द शेवटचा." मग माझ्याकडे वळले. "बाण कुणाचा व्हता?"

मी स्कोअरशीटच्या कडेचं टोपण काढलं आणि पेनला लावलं. "लाल," मी म्हणाले.

एवढंच झालं. त्या खोटेपणाला दुसरा साक्षीदार नव्हता, होता तो मी पेनला लावून टाकला. दुसऱ्या कुणी विचारलं असतं तर कदाचित मी खरं बोलले असते. सरांनी विचारलं म्हणून बोलले नाही. सकाळी त्यांच्यापुढे एकदा मान खाली घातली होती, दिवसात दुसऱ्यांदा घालवेना. नियमात अशा चुकीवर एक तोडगा लिहिलाय. ज्यांची पाळी हुकली त्यांना पुढचा जम्प बॉल द्यायचा. पुढचा जम्प बॉल झालाच नाही.

निकाल मान्य नसेल तर कॅप्टननं सही करायची स्कोअरशीटवर एक जागा असते. सरांनी ती दाखवली. तिनं माझ्यासमोरचं पेन उचललं, टोपण काढलं, क्षणभर कागदाकडे बघितलं. मागून तिच्याच संघातली एक मुलगी रडत म्हणाली, "तू कशाला पळालीस? बॉल आपला नव्हता तर कशाला पळालीस?" तिनं टोपण परत लावलं, पेन ठेवलं आणि मला म्हणाली, "सॉरी ताई. माझंच मोजायला चुकलं असंल."

पुढे वर्षभर मी टेबलावर बसत राहिले. मग बाण फिरवताना होणारा कर्र आवाज सहन होईना. सरांचा फोन आला की मी सेकंड शिफ्ट आहे म्हणून सांगायचे. पुढे ते गावी गेले आणि तिथंच वारले. त्यांना मी सांगितलं नाही.

माझी नोकरी चाकणला, गाड्यांचं वायरिंग बनवणाऱ्या कंपनीत, क्वालिटीला. दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या आणि त्यावर लाल स्टिकर लावायचा. देवाला विनोद कळतो म्हणायचा. तळवड्याहून सकाळी बस निघते, मोशीच्या पुढे ट्रकांच्या रांगेत तासभर उभी राहते, आणि त्या तासाभरात मी कुणाशी बोलत नाही. मागच्या वर्षी याच बसमध्ये ती चढली. कंत्राटी कामगारांच्या घोळक्यात, गळ्यात नवंकोरं आयकार्ड. मी ओळखलं आणि खिडकीकडे वळले. तिनंही ओळखलं.

"ताई, तुम्ही टेबलावर असायच्या ना? मी निळ्या टीमची, सात नंबर."

"हो का," मी म्हणाले.

तिला माझ्याच लाइनवर दिलं. कनेक्टरमध्ये पिना बसवायच्या, मोजायच्या, वीस-वीस वायरिंगचा लॉट करून पुढे पाठवायचा. तिच्या लॉटमध्ये मला कधीच काही सापडलं नाही. पुढे पुढे मी तिचा लॉट न बघताच टॅगवर सही करायला लागले. पण ती हळू होती. प्रत्येक कनेक्टर दोनदा मोजायची, पूर्ण लॉट दोनदा मोजायची. तिच्यामागे माल तुंबायचा. सुपरवायझर तिच्यावर ओरडायचा. एकदा मला म्हणाला, "मॅडम, पोरगी चांगली आहे, पण दोनदा मोजत बसते राव. या महिन्यात दोघींना कमी करायचंय. तुम्ही काय म्हणता?"

मी म्हणाले, विचार करून सांगते. चोराच्या मनात चांदणं. दोनदा का मोजते, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी तो टाळला.

उत्तर मला न विचारता मिळालं. लाइनवर एक नवी मुलगी आली होती, तिच्या हातून एक पिन कमी बसली. मी लाल स्टिकर लावला, ती रडकुंडीला आली. सात नंबर शेजारून तिला समजावत होती. मी पाठमोरी होते.

"रडू नको. मोज. आणि मोजलं तरी परत मोज," ती म्हणत होती. "आपल्याला वाटतं आपलं बरोबर आहे. मलाबी वाटलं व्हतं. एका मॅचमध्ये मी पाळी मोजली, एवढी खात्री व्हती की जागा सोडून पळाले. चुकली व्हती. माझ्यामुळं आख्खी टीम हरली. पप्पा गाडीवर घरी आणताना एवढंच म्हणले, तुला साधं मोजता येत न्हाई. तवापासून मी दोनदा मोजते."

माझ्या हातात स्टिकरची पट्टी होती. मी ती खाली ठेवली. मी घाबरट आहे, पण त्या क्षणी भीती वाटली नाही, किळस आली, स्वतःची. जेवणाच्या सुट्टीत मी तिला कँटीनच्या मागे, पाण्याच्या टाकीपाशी बोलावलं. तिला वाटलं कमी करायचं सांगणार. ती आधीच म्हणाली, "ताई, मी स्पीड वाढवीन."

मी सगळं सांगितलं. टेबल उचललं ते, बाण कसा उलटा झाला ते, टोपण कुठं होतं ते. पाच सेकंद आणि अंगठा. सर, आणि पेनला लावलेलं टोपण. मध्ये कुठेही 'पण' घातला नाही, एवढं एकच बरं केलं.

मग तिचा अंगठा पेरांवरून फिरायला लागला. दुसरा क्वार्टर, जम्प बॉल, तिसरा क्वार्टर. सहा वर्षांनीही तिला सगळं तोंडपाठ होतं. शेवटच्या पेरावर अंगठा थांबला.

"आमचा," ती म्हणाली. "म्हणजे मी बरोबर मोजलं व्हतं."

"हो."

"मी बरोबर पळाले व्हते."

"हो."

ती रडली नाही, मला शिव्याही दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं. तिनं विचारलं, "ताई, हे लिहून द्याल?"

"कुणाला दाखवणार?"

"पप्पांना."

माझ्या खिशात कोऱ्या टॅग होत्या. त्यातल्या एकीच्या मागे मी लिहिलं, अंतिम सामन्यात शेवटच्या जम्प बॉलला पाळी निळ्या संघाची होती, कॅप्टननं बरोबर मोजलं होतं, टेबलावर बसलेली मी खोटं बोलले. खाली पूर्ण सही केली. जो बाण कुठेच लिहिला जात नाही, तो असा सहा वर्षांनी कागदावर आला. तिनं दोनदा वाचलं, घडी घातली आणि आयकार्डाच्या पाकिटात फोटोच्या मागे सरकवली. भोंगा झाला. आम्ही दोघी वेगवेगळ्या दारांनी आत गेलो.

सुपरवायझरला मी त्याच दिवशी सांगितलं की हिला कमी केलं तर तुझ्या लाइनच्या रिजेक्शनला मी जबाबदार नाही. ती राहिली. यात उपकार काही नाही, तिचंच होतं ते.

दुसऱ्या दिवशी सकाळी बसमध्ये ती मागच्या सीटवर बसली. दहाच्या सुमाराला तिचा पहिला लॉट आला. रोजच्यासारखी मी टॅगवर सही करायला पेन काढलं, तेव्हा तिनं लॉटवर हात ठेवला.

"मॅडम, आधी मोजून घ्या," ती म्हणाली.

वर्षभर ती मला ताई म्हणत होती. त्या दिवसापासून कधी म्हणाली नाही. आता ती रोज प्रत्येक लॉट घेऊन येते आणि माझं मोजून होईपर्यंत समोर उभी राहते. मी एकेक पिन मोजते, आकडा मोठ्यानं सांगते, मग ती लॉटवरचा हात काढते.